बापजाद्यांचा धर्म आणि माणसाचा धर्म

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या सणानिमित्त आम्ही एका विद्वान पाहुण्यांना व्याख्यानासाठी बोलावले होते. पाहुणे सज्जन, बहुश्रुत आणि आपल्या समाजाविषयी मनात ममत्व बाळगणारे. त्यांनी आपल्या शाळांची आणि रुग्णालयांची तोंड भरून स्तुती केली, आपल्या लग्नगीतांचा गौरव केला आणि शेवटी, जाता जाता, एक विचार मांडला. धर्म हा मातृभाषेसारखा असतो, असे ते म्हणाले. तो ज्याच्या त्याच्या मातीतून उगवतो आणि ज्याच्या त्याच्या घरी शोभतो. ज्याने त्याने आपला पाळावा. साऱ्या जगासाठी एक धर्म ही कल्पना रोमन साम्राज्याच्या पोटी जन्मली. तलवारीचा धाक नसता तर ती कुणाला सुचलीही नसती. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या.

त्याच संध्याकाळी खुर्च्या आवरता आवरता युवक मंडळातला एक मुलगा माझ्यापाशी आला. “फादर,” त्याने विचारले, “पाहुण्यांचे म्हणणे खरे असेल, तर आपण कॅथलिक आहोत ते एवढ्याचसाठी ना, की आपले आजोबा कॅथलिक होते?” मी त्याला काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर आज मला आठवत नाही, यावरूनच ते किती लेचेपेचे होते हे कळून येते. पुढील लेख हे त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर होय. ज्या टाळ्या मी वाजवल्या त्या परत घेण्याचाही हा प्रयत्न आहे.

आक्षेप जुनाच आहे

पाहुण्यांचे म्हणणे त्यांच्याआधी अठराशे वर्षे सेल्सस नावाच्या एका ग्रीक पंडिताने मांडले होते, आणि त्यांच्याहून अधिक जोरकसपणे मांडले होते. इ. स. १७८ च्या सुमारास त्याने ‘सत्य वचन’ या नावाचा ग्रंथ ख्रिस्ती लोकांविरुद्ध लिहिला. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण सुमारे सत्तर वर्षांनी, इ. स. २४८ च्या आसपास, ओरिजेन या आचार्यांनी त्याचे आठ खंडांत खंडन केले आणि खंडन करताना सेल्ससची वाक्यामागून वाक्ये उतरून घेतली. सेल्सस आज आपल्याला ठाऊक आहे तो त्याच्या विरोधकामुळे!

सेल्ससचे म्हणणे थोडक्यात असे. पृथ्वीचे निरनिराळे प्रदेश निरनिराळ्या रक्षक देवतांना वाटून दिलेले आहेत. ज्या प्रदेशात जी रीत पडली, ती त्या देवतेला रुचणारी म्हणूनच पडली. ती मोडणे अधर्म होय. यहुदी लोक त्याला मुळीच आवडत नसत, पण निदान ते आपल्या वाडवडिलांची चाल पाळतात म्हणून तो त्यांना सोडून देतो. ख्रिस्ती लोकांना मात्र तो विचारतो, तुम्ही आलात कोठून? तुमचा पितृपरंपरेचा कायदा कोणता? त्यांना ना कुळ, ना गाव, ना पूर्वज. अशा लोकांचा धर्म तो धर्म कसला?

वाचकहो, हा प्रश्न ओळखीचा वाटतो ना? आपल्यापैकी अनेकांनी तो कचेरीत, आगगाडीच्या डब्यात, कधी मित्राच्या घरी ऐकला आहे. त्यावर आपले ठरलेले उत्तर असते, “आमचेही पूर्वज इथलेच, आमचीही परंपरा जुनी आहे.” हे उत्तर खरे आहे. पण सेल्ससच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. धर्म कुळावर ठरतो हे त्याचे गृहीत आपण मान्य केले आणि मग आपलेही कुळ जुने असल्याचा दाखला पुढे केला, इतकेच. आद्य ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी हा मार्ग घेतला नाही. त्यांनी गृहीतच तपासायला घेतले.

साम्राज्य कुणाच्या बाजूला होते?

प्रथम तलवारीची गोष्ट. विश्वधर्माची मांडणी ज्यांनी केली त्या आचार्यांचा काळ पाहावा. संत जस्टिन यांचा शिरच्छेद रोम शहरात इ. स. १६५ च्या सुमारास झाला. ओरिजेन यांचे वडील छळात मारले गेले आणि स्वतः ओरिजेन यांचा, सम्राट डेशियसच्या कारकिर्दीत, इ. स. २५० मध्ये तुरुंगात अनन्वित छळ झाला. त्यातून खंगूनच पुढे त्यांना मरण आले. ख्रिस्ती उपासनेला कायद्याचे संरक्षण मिळाले ते इ. स. ३१३ मध्ये. म्हणजे ही मांडणी झाली तेव्हा तलवार अस्तित्वात होती खरी, पण तिची मूठ दुसऱ्याच्या हातात होती. ‘ज्याने त्याने आपल्या वाडवडिलांचा धर्म पाळावा’ हे साम्राज्याचे अधिकृत धोरण होते आणि सेल्सस आपल्या ग्रंथाच्या अखेरीस ख्रिस्ती लोकांना सम्राटाला हातभार लावण्याचा उपदेश करतो.

एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. सम्राट ऑगस्टसने अनेक राज्ये एका छत्राखाली आणल्यामुळे शुभवर्तमानाचा प्रवास सुकर झाला, असे ओरिजेन यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. परंतु रस्ता दुसऱ्याने बांधला म्हणून त्यावरून जाणाऱ्याचा निरोपही त्याच्याच मालकीचा ठरत नाही.

दुसरी कबुली. सारी मानवजात एक आहे हा विचार एकट्या ख्रिस्ती लोकांचा नव्हता. स्टोइक तत्त्वज्ञही विश्वनगरीची भाषा बोलत. सम्राट मार्कस ऑरेलियस हा स्वतः स्टोइक. सम्राट या नात्याने माझे नगर रोम आणि माणूस या नात्याने सारे विश्व, असा विचार त्याने आपल्या टिपणांत नोंदवला आहे. त्याच मार्कसच्या राजवटीत, जुनियस रुस्टिकस या नगराधिकाऱ्याने जस्टिन यांना देहदंड फर्मावला. हा रुस्टिकस म्हणजे मार्कसचा स्टोइक तत्त्वज्ञानातील गुरू! विश्वनगरीचा तत्त्वज्ञ न्यायासनावर बसला होता आणि विश्वधर्माचा तत्त्वज्ञ आरोपी म्हणून समोर उभा होता. स्टोइकांची विश्वनगरी पोथीत होती. वेदीपुढे मात्र नगराच्या देवतांना धूप जाळणे सक्तीचे होते. जस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जाळला नाही.

रीत म्हणजे सत्य नव्हे

सेल्ससने आपल्या बाजूने इतिहासकार हेरोडोटसचा दाखला दिला आहे. पारसिक सम्राट दारयवहूने आपल्या दरबारातील ग्रीकांना विचारले, किती द्रव्य दिले तर तुम्ही आपल्या मृत पित्याचे मांस खाल? कितीही दिले तरी नाही, असे ते म्हणाले. मग त्याने कॅलाटियन नावाच्या हिंदी लोकांना बोलावले. त्यांच्यात मृत आईबापांचे मांस खाण्याची चाल होती असे हेरोडोटस सांगतो. त्यांना दारयवहूने विचारले, किती द्रव्य दिले तर तुम्ही आपल्या पित्याला जाळाल? ते ओरडून म्हणाले, असले अभद्र बोलू नका! तात्पर्य, रूढी ही सर्वांची राणी आहे, आणि जो तो आपल्याच रीतीला श्रेष्ठ मानतो.

गोष्ट मार्मिक आहे. पण तिच्यातून निष्पन्न काय होते? लोक आपापल्या रीतींना चिकटून असतात, एवढेच. त्या रीती चांगल्या आहेत, हे तिच्यातून निघत नाही. ओरिजेन यांनी नेमके येथेच बोट ठेवले. कुठल्याशा सिथियन जमातीत बापाला मारण्याची चाल सांगतात. टॉरिसच्या किनाऱ्यावर परक्या माणसाला देवीपुढे बळी देतात. लिबियात कुणी पोटची मुले क्रोनोस देवतेला वाहतात. प्रत्येक प्रदेशाची रीत त्या प्रदेशापुरती पवित्र म्हणायची, तर बळी जाणाऱ्या परक्याने त्या पावित्र्यापुढे मान तुकवायची काय? शिवाय, एके ठिकाणी जे पुण्य तेच सीमेपलीकडे पाप, असे असेल तर पुण्य ही केवळ माणसांनी ठरवून घेतलेली गोष्ट उरते. मग धर्माचे रक्षण करायला निघालेला सेल्सस धर्माचा पायाच काढून घेतो.

आणि ओरिजेन यांचा तिसरा प्रश्न तर बिनतोड आहे. ग्रीक तत्त्वज्ञ आपल्या नगरातील भाबड्या समजुती टाकून देतात, तेव्हा तुम्ही त्यांना ज्ञानी म्हणता. मग तेच काम एखाद्या ख्रिस्ती माणसाने केले, तर त्याला कुलद्रोही का म्हणता?

हे युक्तिवाद मी तरुणपणी सेमिनरीत परीक्षेपुरते पाठ केले होते. आज वयाच्या पन्नाशीनंतर ते मला वेगळ्याच रीतीने भिडतात. सती, अस्पृश्यता, विधवेचे केशवपन या गोष्टींविरुद्ध आपल्या महाराष्ट्रातील सुधारक उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापुढेही ‘वाडवडिलांची रीत’ हीच ढाल धरली गेली होती. ती ढाल भेदणारा प्रत्येक सुधारक, त्याचा धर्म कोणताही असो, या एका बाबतीत ओरिजेन यांचा सोबती होता.

शब्दाचे बीज

आता कुणी म्हणेल, “म्हणजे इतरांचे सारे खोटे आणि तुमचेच खरे, असेच ना?” नाही. आद्य आचार्यांची खरी थोरवी येथेच आहे.

संत जस्टिन मूळचे शोमरोन प्रांतातील नेआपोलिसचे, म्हणजे आजच्या नाब्लुसचे. सत्याच्या शोधात त्यांनी एकामागून एक गुरूंची दारे ठोठावली. स्टोइक गुरूला ईश्वराविषयी काही सांगता येईना. ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील गुरूने काही दिवसांतच शुल्क ठरवण्याची घाई केली. पायथागोरसपंथी गुरू म्हणाला, आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून या. शेवटी प्लेटोच्या अनुयायांपाशी त्यांचे मन रमले. आणि मग एके दिवशी समुद्राजवळ भेटलेल्या एका वृद्धाने त्यांना ख्रिस्ताची ओळख करून दिली. पुढे जस्टिन यांनी तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे शोध सोडून देणे असे त्यांना वाटलेच नाही.

त्यांनी मांडलेला सिद्धांत असा. ज्या शब्दाद्वारे देवाने विश्व निर्माण केले, जो शब्द येशूमध्ये देहधारी झाला, त्याचे बीज प्रत्येक मानवाच्या बुद्धीत पेरलेले आहे. म्हणून सॉक्रेटिस आणि हेराक्लायटस यांसारखे जे विवेकाने जगले, ते ख्रिस्तापूर्वी होऊन गेले तरी ख्रिस्ताचेच, मग लोकांनी त्यांना नास्तिक का म्हणेनात. जगात कुणीही जे जे योग्य बोलला, ते ते आपलेही आहे. येथे ‘आपले’ हा शब्द मालकीचा समजू नये. सत्य ज्या एका मुखातून येते तेथूनच ते सर्वांना मिळते, असा त्याचा आशय आहे.

अलेक्झांड्रियाचे क्लेमेंट आणखी पुढे गेले. यहुद्यांना जसे नियमशास्त्र, तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान. दोन्हींनी त्या त्या लोकांना हाताला धरून ख्रिस्ताकडे नेले, असे त्यांनी प्रतिपादन केले. याच क्लेमेंट यांच्या ग्रंथात भारतातील बुद्धाच्या अनुयायांचा उल्लेख येतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांतील सत्य आणि पवित्र गोष्टींचा आदर करणारा जाहीरनामा काढला, तेव्हा काही जणांना ती ख्रिस्तसभेने काळापुढे घेतलेली माघार वाटली. वस्तुतः तो जस्टिन आणि क्लेमेंट यांच्या जुन्या वाटेवर परतण्याचा प्रवास होता.

जन्म हे नशीब नव्हे

रोमन सीमेवरील एडेसा नगरात बार्दैसान नावाचा एक तत्त्वज्ञ इ. स. २२२ पर्यंत होऊन गेला. त्याची इतर काही मते ख्रिस्तसभेने पुढे त्याज्य ठरवली. पण ‘देशोदेशीचे कायदे’ हा त्याच्या शिष्याने लिहिलेला संवाद आजही वाचण्याजोगा आहे. माणसाचे आचरण ग्रह ठरवतात असे मानणाऱ्यांना त्यात बार्दैसान उत्तर देतो. एकाच भारत देशात, एकाच आकाशाखाली, ब्राह्मण हिंसा करीत नाहीत, मद्यमांस घेत नाहीत. आणि त्याच देशात याच्या अगदी उलट वागणारेही आहेत. मग ग्रह काय करतात?

यावर कोणी म्हणेल, आचरण ग्रह नसतील ठरवत, पण देश ठरवतो. येथे बार्दैसान ख्रिस्ती लोकांना साक्षीला बोलावतो. पार्थियातले आमचे बांधव दोन बायका करीत नाहीत. पर्शियातले तेथील चालीप्रमाणे मुलींशी लग्न लावत नाहीत. मीडियातले आपले मृत कुत्र्यांपुढे टाकत नाहीत. ते जेथे असतील तेथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी एकत्र जमतात. ज्या देशात ते जन्मले त्या देशाचा कायदा त्यांना ख्रिस्ताच्या कायद्यापासून दूर करू शकत नाही.

ग्रह असोत वा गाव, कुळ असो वा वर्ण, माणूस त्यांत कैद नाही. त्याला ऐकता येते, पारखता येते आणि निवडता येते, हे या युक्तिवादाचे सार आहे. विश्वधर्माच्या कल्पनेच्या मुळाशी आहे ते हे मानवी स्वातंत्र्य. ‘ज्याचा धर्म त्याला’ हे वाक्य ऐकायला सोज्ज्वळ आहे, पण माणूस जन्मला तेथेच संपला असे ते हळूच सुचवते. आणि ज्याच्या वाट्याला जन्माने अपमान आला असेल त्याला ते काय सांगते, याचा विचार टाळ्या वाजवणाऱ्यांनी करावा.

चांभाराच्या दुकानातले तत्त्वज्ञान

सेल्ससचा खरा संताप कशावर होता? लोकर पिंजणारे, चांभार, धोबी, अक्षरशत्रू माणसे घराघरांत बायकामुलांना ईश्वराविषयी शिकवतात यावर! त्याच्या मते ईश्वराचे ज्ञान हे सुशिक्षितांचे काम.

ओरिजेन यांनी यावर एक घरगुती दृष्टांत दिला आहे. समजा, एकच पौष्टिक अन्न आहे. एक आचारी ते मसाले घालून श्रीमंतांच्या नाजूक जिभेसाठी रांधतो. शेतकऱ्याला आणि गरिबाला ते खाण्याची सवय नाही. दुसरा आचारी तेच अन्न साध्या रीतीने, हजारोंच्या पोटात जाईल असे शिजवतो. लोकहिताच्या दृष्टीने कोणता आचारी बरा? प्लेटोची वाणी सुंदर खरी, पण तिचा लाभ किती जणांना झाला? आणि मग ओरिजेन म्हणतात, एखाद्या ग्रीकाला इजिप्तच्या किंवा सिरियाच्या लोकांचे भले करायचे असेल, तर तो आधी त्यांची भाषा शिकेल; त्यांना आपली ग्रीक समजत नाही म्हणून हसत बसणार नाही.

हे वाचताना मला दर वेळी फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. १५७९ मध्ये हा इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरला, येथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. ओवी त्याने येथल्या लोकांच्या तोंडची घेतली. विश्वधर्म म्हणजे साऱ्या जगाला एक भाषा बोलायला लावणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे. धर्म मातृभाषेसारखा असतो असे आमचे पाहुणे म्हणाले. मी म्हणेन, धर्म मातृभाषेत बोलतो; पण तो जे बोलतो ते एकाच भाषेचे नसते.

एकच वाट?

सर्वांत सौम्य, आणि म्हणूनच सर्वांत अवघड आक्षेप चौथ्या शतकात आला. रोमच्या सिनेट सभागृहातील विजयदेवतेची वेदी सम्राट ग्रेशियनने ३८२ मध्ये हलवली होती. ती परत मिळावी म्हणून नगराधिकारी सिमॅकस याने ३८४ मध्ये सम्राटाकडे विनंतीपत्र पाठवले. एवढ्या थोर रहस्यापर्यंत एकाच वाटेने जाणे शक्य नाही, असा त्यातला भाव आजही आपल्या मनाला स्पर्श करतो. मिलानचे महागुरू संत ॲम्ब्रोज यांनी त्याचा कडाडून विरोध केला. सुधारणेला उशीर झाला म्हणून लाजण्याचे कारण नाही, म्हाताऱ्या रोमनेही शिकावे, हा त्यांचा मुद्दा चोख होता. परंतु वेदी परत दिलीत तर चर्चचे दार तुम्हांला मोकळे नसेल, अशी ताकीदही त्यांनी कोवळ्या सम्राटाला दिली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

गंमत अशी, की याच ३८४ साली सिमॅकसने एका तरुण शिक्षकाची मिलानला वक्तृत्व शिकवण्यासाठी निवड केली. त्या तरुणाचे नाव ऑगस्टीन. तेथे त्याने ॲम्ब्रोज यांची प्रवचने ऐकली आणि पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. आरंभी ऑगस्टीन यांनीही ज्ञानाकडे जाणारी वाट एकच नाही अशा अर्थाचे लिहिले होते. वार्धक्यात आपले ग्रंथ तपासताना त्यांनी ते वाक्य दुरुस्त केले. ख्रिस्त स्वतःला वाट म्हणतो, मग माझे वाक्य अपुरे होते, असे त्यांना वाटले.

‘देवाचे नगर’ या ग्रंथात त्यांनी पॉर्फिरी या तत्त्वज्ञाला दिलेले उत्तर मला अधिक मोलाचे वाटते. पॉर्फिरी ख्रिस्ती लोकांचा कट्टर विरोधक, पण सच्चा शोधक. आत्म्याच्या मुक्तीची सर्वांसाठी असलेली वाट आपल्याला कुठल्याही पंथात आढळली नाही, तत्त्वज्ञानात नाही, हिंदी लोकांच्या साधनेत नाही, खाल्डियनांच्या विधींत नाही, अशी कबुली त्याने दिली होती. ऑगस्टीन त्याचा उपहास करीत नाहीत. ते म्हणतात, अशी वाट नाहीच, असे तर हा म्हणत नाही. ती आपल्याला गवसली नाही, एवढेच म्हणतो. आणि देवाने मानवजातीला अशा वाटेवाचून सोडले असेल, हे त्यालाही पटत नाही. ज्या वाटेने फक्त पंडित, फक्त एक वंश किंवा फक्त विधी परवडणारे जाऊ शकतात, ती सर्वांची वाट नव्हे. सर्वांची वाट ती, जिच्यावर गुलाम आणि सम्राट एकाच पायाने चालतात.

‘वाटा अनेक’ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण एवढेच आहे. देव अनेक रीतींनी माणसाला भेटतो, हे जस्टिन यांनीच शिकवले. पण ‘तुझी वाट तुला, माझी मला’ म्हणून आपण एकमेकांचे ऐकणेच सोडून दिले, तर त्याला मी सहिष्णुता म्हणणार नाही. ती शेजाऱ्याविषयीची बेफिकिरी झाली.

शस्त्र हाती आले तेव्हा

येथवर वाचून ज्यांची मान ताठ झाली असेल, त्यांनी ती थोडी खाली करावी. इ. स. २१२ च्या सुमारास टर्टुलियन यांनी आफ्रिकेच्या राज्यपालाला बजावले होते, की धर्माची सक्ती करणे हे धर्माचे काम नव्हे. लॅक्टँशियस यांनी छळाच्या दिवसांत लिहिले, की धर्माचे रक्षण मारून होत नाही, मरून होते. त्यानंतर शंभर वर्षेही लोटली नाहीत, तोच, ३८० मध्ये, सम्राट थिओडोशियसने ख्रिस्ती धर्माला साम्राज्याचा धर्म केले. आणि पुढे जुन्या देवतांच्या उपासनेवर बंदी घातली. खुद्द ऑगस्टीन, ज्यांना आरंभी सक्ती अमान्य होती, त्यांनी ४०८ च्या सुमारास दोनातुसपंथीयांविरुद्ध राजसत्तेचा बडगा समर्थनीय ठरवला. त्याच वाटेने पुढे १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले आणि मधल्या काही वर्षांचा खंड वगळता ते १८१२ पर्यंत टिकले.

आमच्या पाहुण्यांना तलवार दिसली ती ही. त्यांची चूक कालक्रमाची होती. जखम मात्र खरी आहे. सक्ती हा विश्वधर्माच्या युक्तिवादाचा निष्कर्ष नाही, त्याचा पराभव आहे. कारण ज्या स्वातंत्र्यावर तो युक्तिवाद उभा आहे, तेच सक्तीने मोडले जाते. १९६५ च्या डिसेंबरात परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला आणि १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाने झालेल्या बळजबरीबद्दल जाहीर क्षमा मागितली. टर्टुलियन यांच्या शब्दाकडे परत यायला आपल्याला सतरा शतके लागली.

आपल्यातला आणि परका

आता शेवटची गोष्ट, आणि तिच्यासाठीच खरे म्हणजे हा लेख लिहायला घेतला. व्याख्यानानंतर काही आठवड्यांनी एक गृहस्थ मला भेटायला आले. मुलीने स्वतःच लग्न ठरवले होते आणि ते त्यांना मान्य नव्हते. मी चौकशी केली. मुलगा चांगला, नोकरीला असलेला, दर रविवारी मिस्साला येणारा. “मग अडचण काय?” मी विचारले. ते म्हणाले, “फादर, तो कॅथलिक आहे, पण आपल्यातला नाही. त्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता.” मी विचारले, “आपल्यातला म्हणजे कोण?” ते गप्प राहिले. उत्तर दोघांनाही ठाऊक होते.

बंधुभगिनींनो, सेल्सस बाहेर आहे असे आपण समजतो. तो आपल्या बाकांवर बसून जपमाळ करतो आहे! ‘कॅथलिक’ या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘सर्वांचा, सार्वत्रिक’, इ. स. ११० च्या सुमारास अंत्युखियाच्या संत इग्नेशियस यांनी तो ख्रिस्तसभेला प्रथम लावला. आपण तो शब्द जातीच्या नावासारखा वापरतो आणि मग त्यातही पोटजाती पाडतो. कुणी आपल्याला ‘परक्या धर्माचे’ म्हटले की आपल्याला वाईट वाटते; पण आपल्याच वेदीवरचा प्रसाद घेणाऱ्याला आपण परका म्हणतो, तेव्हा आपण त्याच टीकाकाराची पोपटपंची करतो. ‘धर्म कुळावर ठरतो’ हे एकदा मान्य केले, की दोघांचे म्हणणे एकच.

त्या युवकाला माझे उत्तर आता असे आहे. बाळा, तुझ्या आजोबांनी तुला श्रद्धा दिली, त्यांचे ऋण मान. पण आजोबांची होती म्हणून ती खरी ठरत नाही. तुझ्या-माझ्या वंशावळीत कोठेतरी असा एक पूर्वज आहेच, ज्याने आपल्या बापजाद्यांची चाल सोडली. त्याने ती मनापासून सोडली की धाकाने, हे आज आपण सांगू शकत नाही. म्हणूनच त्याच्या जिवावर कॅथलिक राहणे तुला पुरणार नाही. जस्टिन यांच्याप्रमाणे तूही विचारत राहा, दारे ठोठाव, शेजाऱ्याच्या घरातले सत्य दिसले तर त्याला नमस्कार कर. आणि ख्रिस्ताला होय म्हणायचे असेल तर स्वतःच्या तोंडाने म्हण.

हा अंक हाती आला की त्याची एक प्रत मी त्या मुलाला स्वतः नेऊन देणार आहे. दुसरी त्या गृहस्थांसाठी राखून ठेवली आहे. त्यांची मुलगी आणि तो मुलगा यांच्या लग्नाची नोंद माझ्या वहीत अजून व्हायची आहे, आणि वडिलांनी त्या दिवशी पहिल्या बाकावर बसावे अशी माझी इच्छा आहे.